विद्यालय-परिसरातील अमली पदार्थविषयक गुन्हे व शिक्षा

विद्यालय-परिसरातील अमली पदार्थविषयक गुन्हे व शिक्षा : शाळा, महाविद्यालय किंवा विद्यार्थी जेथे अध्ययन, क्रीडा व इतर सामाजिक कार्यांसाठी एकत्र येतात अशा ठिकाणी अथवा त्याच्या निकट अमली पदार्थांची विक्री, साठा वा वाहतूक झाल्यास, तो गुन्हा एरवीपेक्षा अधिक गंभीर मानून त्याला अधिक शिक्षा द्यावी, हे तत्त्व दंडविधानात विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत रूढ झाले. गुन्ह्याच्या स्थळावरून शिक्षेची मात्रा ठरविण्याची कल्पना मात्र जुनी आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत, तर राहत्या घरातील चोरीस सात वर्षांपर्यंत कारावास सांगितला होता. घराला जे विशेष संरक्षण तेव्हा लाभले, ते शाळेला लाभण्यास भारतात त्यानंतर एकशे एकेचाळीस वर्षे लागली; आणि जे लाभले तेही, पुढे दिसून येईल त्याप्रमाणे, काहीशा विचित्र स्वरूपात.

या विलंबाचे कारण अमली पदार्थांकडे पाहण्याच्या शासकीय दृष्टीत सापडते. एकोणिसाव्या शतकात अफू व गांजा हे गुन्ह्याचे नव्हे, तर महसुलाचे विषय होते. १८५७ व १८७८ च्या अफूविषयक अधिनियमांचा आणि १८७८ च्या मुंबई अबकारी अधिनियमाचा मुख्य रोख परवाना, मक्ता, जकात व चोरटी विक्री यांवर होता. या इतिहासात अहमदनगर जिल्ह्याला (२०२४ पासून अहिल्यानगर) विशेष स्थान आहे. १८९३ मध्ये नेमलेल्या भारतीय भांग-गांजा आयोगाच्या अहवालात मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीच्या प्रमुख जिल्ह्यांत अहमदनगरची गणना झालेली आहे. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालील या सात सदस्यांच्या आयोगाने देशभरातील १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे ऐकून १८९४ मध्ये अहवाल सादर केला. माफक सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, सबब संपूर्ण बंदी न घालता कर व परवाने यांच्या द्वारे नियंत्रण ठेवावे, असा त्याचा निष्कर्ष होता. गांजा आणि वेड, गांजा आणि गुन्हेगारी यांच्या संबंधांची आयोगाने कसून तपासणी केली व वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींतील चुकाही उघडकीस आणल्या. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर गांजा परवान्याने उभा होता, त्याच्या मुलाच्या शाळेपासून तो किती अंतरावर विकला जावा, हा प्रश्न त्या काळच्या कायद्याला पडलेला नव्हता. शाळाच थोड्या, आणि त्यांत जाणारी मुलेही थोडी, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. [→ गांजा].

पुढील काळात कायद्याची भाषा बदलली, तरी शिक्षा सौम्यच राहिल्या. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने झालेल्या आंतरराष्ट्रीय करारांना अनुसरून १९३० चा घातक औषधी द्रव्ये अधिनियम आला. त्यात १९८० च्या सुमारास प्रथम गुन्ह्यास कमाल तीन व पुन्हा केलेल्या गुन्ह्यास कमाल चार वर्षांचा कारावास होता. किमान शिक्षा कोणतीच नव्हती. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाने दारूबरोबरच गांजा, भांग, चरस यांनाही बंदीच्या कक्षेत आणले. या अधिनियमाखालील मद्यविक्रीच्या नियमांत शैक्षणिक संस्था व धार्मिक स्थळे यांपासून दुकानाचे अंतर पुढे मीटरमध्ये निश्चित करण्यात आले. तथापि ही अट परवान्याची होती. ती मोडली तर परवाना धोक्यात येई. अधिक कारावास सांगणारे ते कलम नव्हते.

सध्याच्या कायद्याचा पाया १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने घातला. या अधिनियमाने १८५७, १८७८ व १९३० चे तिन्ही कायदे रद्द केले. तो १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, म्हणजे योगायोगाने बालदिनीच, अंमलात आला. परंतु मूळ अधिनियमात शाळेचा वा बालकांचा शिक्षेच्या संदर्भात उल्लेख नव्हता. त्याची दृष्टी पश्चिमेकडील अफूउत्पादक देशांतून भारतमार्गे जाणाऱ्या चोरट्या व्यापारावर होती. हेरॉइनसारख्या पदार्थाची विक्री सिद्ध झाली, मग ते एक ग्रॅम असो की एक क्विंटल, किमान शिक्षा दहा वर्षे सक्तमजुरी व एक लाख रुपये दंड, आणि कमाल वीस वर्षे व दोन लाख रुपये, अशी तरतूद होती. केवळ स्वतःच्या सेवनासाठी अल्प प्रमाणात पदार्थ जवळ बाळगल्याचे आरोपीने स्वतः सिद्ध केले, तरच सहा महिने वा एक वर्षापर्यंतची सौम्य शिक्षा संभवत असे. गांजाच्या बाबतीत मात्र किमान शिक्षा नव्हती. कमाल मर्यादा पाच वर्षांची होती. २९ मे १९८९ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने कायदा आणखी कठोर झाला. काही गुन्हे पुन्हा केल्यास अनिवार्य देहान्त शिक्षा त्याच दुरुस्तीने आली. जून २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिची अनिवार्यता अमान्य केली, आणि २०१४ च्या दुरुस्तीने ती वैकल्पिक ठरविली.

शाळेची कल्पना बाहेरून आली. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १९८४ साली, फ्लॉरिडाच्या सिनेटर पॉला हॉकिन्स यांच्या पुढाकाराने, प्राथमिक वा माध्यमिक शाळेपासून १,००० फुटांच्या आत अमली पदार्थ विकणाऱ्यास दुप्पट शिक्षेची तरतूद झाली. पुढे त्या वर्तुळांत महाविद्यालये, क्रीडांगणे इ. स्थळांची भर पडली व अनेक घटक राज्यांनी स्वतःची वर्तुळे आखली. ही वर्तुळे कागदावर न्याय्य दिसत असली, तरी दाट वस्तीच्या शहरांत त्यांचा परिणाम विपरीत झाला. न्यू जर्सीमध्ये १९८७ च्या कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घेणाऱ्या आयोगाने २००५ मध्ये दाखवून दिले, की न्यूअर्क शहराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग या वर्तुळांनी व्यापला होता. त्यामुळे शहरातील कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक आरोपी जवळजवळ सरसकट वाढीव शिक्षेस पात्र ठरत, तर विरळ वस्तीच्या उपनगरांत राहणारे त्याच गुन्ह्यासाठी वाचत. सर्वत्रच वाढीव शिक्षा असेल, तर शाळेपासून दूर जाण्याचे विक्रेत्याला कारणच उरत नाही. २०१० मध्ये तेथे न्यायाधीशांना शिक्षेबाबत विवेकाधिकार देण्यात आला. मॅसॅचूसेट्सने २०१२ मध्ये अंतर १,००० वरून ३०० फुटांवर आणले. इंग्लंडने वेगळी वाट धरली. २००५ च्या कायद्याने तेथे अंतर ठरविले नाही, वेळ ठरविली : शाळेच्या आवारात किंवा त्याच्या निकट, अल्पवयीन मुले शाळेचा वापर करीत असताना अथवा त्याच्या एक तास आधी वा नंतर अमली पदार्थ पुरविला, तर न्यायालयाने ती गोष्ट शिक्षा वाढविणारी मानलीच पाहिजे.

भारतीय तरतुदीचे मूळ यांपैकी कोठेही नसून, २० डिसेंबर १९८८ रोजी व्हिएन्ना येथे स्वीकृत झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या चोरट्या व्यापारविरोधी करारात आहे. या कराराच्या तिसऱ्या अनुच्छेदात, गुन्हा विशेष गंभीर ठरविणाऱ्या परिस्थितींत, तो तुरुंगात, शिक्षणसंस्थेत वा समाजसेवा केंद्रात, त्यांच्या निकट परिसरात, अथवा शाळकरी मुले व विद्यार्थी शिक्षण, क्रीडा व सामाजिक कार्यांसाठी जेथे जातात अशा इतर ठिकाणी घडणे, ही एक परिस्थिती सांगितली आहे. भारत २७ मार्च १९९० रोजी करारात सामील झाला, आणि २ ऑक्टोबर २००१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम ३२-ख अधिनियमात आले. त्याचा खंड (घ) म्हणजे कराराच्या वाक्याचा जवळजवळ अनुवादच आहे. फक्त तुरुंग हा शब्द गळलेला आहे. त्याचे प्रयोजन काय असावे, हे कलमावरून कळत नाही. शस्त्रांचा वापर, शासकीय पदाचा गैरवापर, संघटित टोळीशी संबंध यांबरोबरच, अल्पवयीन मुलांना गुन्ह्याची झळ पोहोचणे वा त्यांचा गुन्ह्यासाठी उपयोग केला जाणे हा स्वतंत्र घटकही (खंड ग) याच कलमात आहे.

कलमाच्या आरंभीच्या शब्दांकडे सहसा दुर्लक्ष होते. ज्या गुन्ह्यासाठी किमान शिक्षा विहित आहे, त्या गुन्ह्यात त्या किमान मर्यादेपेक्षा अधिक शिक्षा देताना न्यायालय हे घटक विचारात घेऊ शकेल, अशी त्याची रचना आहे. आणि नेमक्या याच २००१ च्या दुरुस्तीने किमान शिक्षा बहुतेक गुन्ह्यांतून काढून टाकली. व्यसनी व किरकोळ गुन्हेगार यांना मोठ्या व्यापाऱ्यांच्या रांगेत बसविणारी १९८५ ची कठोरता सैल करणे हा दुरुस्तीचा हेतू होता, आणि तो रास्तच होता. शिक्षा आता पदार्थाच्या वजनावर अवलंबून राहू लागली. अल्प प्रमाण असेल तर सहा महिन्यांपर्यंत (२०१४ पासून एक वर्षापर्यंत) सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मध्यम प्रमाणास दहा वर्षांपर्यंत. आणि व्यापारी प्रमाणास किमान दहा ते कमाल वीस वर्षे. गांजाचे अल्प प्रमाण १ कि.ग्रॅ.पर्यंत व व्यापारी प्रमाण २० कि.ग्रॅ.पासून, हेरॉइनचे अनुक्रमे ५ ग्रॅ. व २५० ग्रॅ. असे ठरले. परिणामी, शाळेच्या दाराशी हेरॉइनची एक पुडी विकणारा इसम १ ऑक्टोबर २००१ पर्यंत किमान दहा वर्षांच्या शिक्षेस पात्र होता. दुसऱ्या दिवसापासून तो कमाल सहा महिन्यांच्या शिक्षेस पात्र झाला. ज्या दुरुस्तीने शाळा हा शब्द कायद्यात आणला, तिनेच शाळेच्या दारातील पुडीची शिक्षा कमी केली. किमान शिक्षा नसल्याने कलम ३२-ख त्या पुडीला आपल्या शब्दांनी स्पर्शही करीत नाही. ते लागू पडते ते वीस किलो गांजाच्या पोत्याला. आणि असे पोते शाळेच्या कुंपणाशी कोणी सोडून बसत नाही. न्यायाधीशाला एक वर्षाच्या मर्यादेत शाळेचे सान्निध्य लक्षात घेता येत नाही असे नाही, परंतु तो त्याच्या सर्वसाधारण विवेकाचा भाग झाला.

दुसरी अडचण 'निकट परिसर' या शब्दांची. अमेरिकेने अंतर मोजले, इंग्लंडने वेळ मोजली. भारतीय कलमात दोन्हींपैकी काहीच नाही. केडगावचे उदाहरण घेतल्यास प्रश्न स्पष्ट होतो. पुणे रस्त्यावरील हे गाव आता २००३ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेच्या हद्दीतील वाढते उपनगर आहे. जुने गावठाण, रेणुकामातेचे देवस्थान, महामार्ग व नव्या वसाहती एकमेकींना लागून आहेत. अशा वस्तीत १,००० फूट त्रिज्येचे वर्तुळ काढले, तर एका शाळेमागे सुमारे २९ हेक्टर क्षेत्र व्यापले जाते. दोन-चार शाळा, शिकवणीचे वर्ग व एखादे क्रीडांगण यांची वर्तुळे जोडली, की गावाचा फारच थोडा भाग बाहेर राहील. न्यूअर्कचा अनुभव लहान प्रमाणात येथेही येईल. उलट, अंतरच नसेल तर महामार्गावरून मालमोटारीतून जाणारा गांजा शाळेसमोर पकडला गेला, एवढ्यावरून तो शाळेनिकटचा गुन्हा ठरवावा काय, असा प्रश्न उद्भवतो. कलमाचा हेतू पाहता तसे ठरवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; कारण मुलांच्या वहिवाटीचा फायदा घेणे हे या तरतुदीचे मर्म होय, नकाशावरील बिंदू नव्हे. म्हणून घटनास्थळाच्या पंचनाम्यात शाळेचे फाटक, तेथपर्यंतचे अंतर, मधली सुटी वा शाळा सुटण्याची वेळ, आणि गिऱ्हाइकांचे वय यांची नोंद होणे महत्त्वाचे ठरते. वजन व मोहोर यांच्या नोंदीत काटेकोर असणारे पंचनामे या बाबतीत पुष्कळदा मूक राहतात.

विरोधाभास असा, की ज्या पदार्थाला हा अधिनियम लागूच नाही, त्या तंबाखूसाठी शाळेभोवतीचे वर्तुळ कायद्याने मोजून दिले आहे. २००३ च्या सिगारेट व इतर तंबाखूजन्य उत्पादने अधिनियमाच्या कलम ६ नुसार शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या (सु. ९१ मीटर) आत विक्रीस मनाई असून, १ डिसेंबर २००४ पासून ती लागू आहे. अंतर संस्थेच्या बाहेरील भिंतीपासून वा कुंपणापासून चहूबाजूंनी मोजावे, असेही नियमांत स्पष्ट केले आहे. शाळांच्या भिंतींवर रंगविलेली सूचना याच कलमाची. मात्र अंतर मोजण्यातील ही अचूकता शिक्षेत नाही : दंड दोनशे रुपयांपर्यंत. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून अन्नसुरक्षा कायद्याखाली गुटख्यावर जी बंदी आली, ती राज्यभर असल्याने तिला शाळेपासूनच्या अंतराचा विचार करावा लागला नाही. २००२ मधील आधीची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये रद्द केली होती.

पुडीच्या गुन्ह्याला पुरेशी शिक्षा सांगणारी तरतूद वास्तविक दुसऱ्याच कायद्यात आहे. मुलांविषयीच्या कायद्यांची परंपरा मुंबई इलाख्यात १९२४ च्या बालक अधिनियमापर्यंत मागे जाते. त्या परंपरेतील बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ७७ प्रमाणे, अर्हताप्राप्त वैद्यकाच्या आदेशाशिवाय बालकास मादक पेय, अमली पदार्थ, तंबाखूजन्य पदार्थ वा मनोव्यापारांवर परिणाम करणारा पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २००० च्या अधिनियमात ही मर्यादा तीन वर्षांची होती. बालकाचा विक्रीसाठी वा वाहतुकीसाठी उपयोग करणाऱ्यासही कलम ७८ अन्वये तितकीच शिक्षा आहे. येथे वजनाचा प्रश्न नाही आणि अंतराचाही नाही. घेणाऱ्याचे वय तेवढे पाहावयाचे. शाळेच्या निकटतेची कल्पना ज्या हेतूने निघाली, तो हेतू या कलमाने सरळ साधतो, म्हणून ते अधिक समंजस वाटते. परंतु २०२१ च्या दुरुस्तीने, जी सप्टेंबर २०२२ पासून अंमलात आली, तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचे या अधिनियमाखालील गुन्हे अजामीनपात्र राहूनही अदखलपात्र ठरविण्यात आले. दंडाधिकाऱ्याच्या आदेशाविना पोलिसांना अशा गुन्ह्याचा तपास सुरू करता येत नाही. शाळेसमोर मुलाच्या हाती पुडी देताना कोणी दिसला, तर तत्काळ कारवाईसाठी पोलिसांना १९८५ च्या अधिनियमाकडेच वळावे लागते, आणि तेथे पुन्हा वजनाचा तराजू आडवा येतो.

नव्या रासायनिक पदार्थांनी या चित्रात बदल घडविला आहे. मेफेड्रोन हा कृत्रिम उत्तेजक पदार्थ फेब्रुवारी २०१५ मध्ये अधिनियमाच्या कक्षेत आला. त्याचे अल्प प्रमाण २ ग्रॅ., तर व्यापारी प्रमाण अवघे ५० ग्रॅ. आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातील कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतून या पदार्थाचा प्रचंड साठा जप्त केला, तेव्हा त्याचे उत्पादन ग्रामीण भागाच्या किती जवळ आले आहे, हे दिसून आले. पन्नास ग्रॅम म्हणजे कंपासपेटीत मावेल एवढा ऐवज. त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा असल्याने कलम ३२-ख प्रथमच शाळेच्या दाराशी खरोखर लागू होऊ शकते. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावे असा निर्णय दिल्याने ही मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये कलमातील यादी परिपूर्ण नाही, व प्रमाणाचाही विचार करता येतो, असे सांगितले. २०२१ मध्ये यादीतील घटक नसले म्हणजे आरोपीस किमान शिक्षेचा हक्क मिळतो असे नव्हे, हेही स्पष्ट केले.

याची दुसरी बाजू अधिक चिंताजनक आहे. किमान सात वर्षे वा अधिक शिक्षेचा गुन्हा बाल न्याय अधिनियमात घोर अपराध गणला जातो, आणि सोळा ते अठरा वर्षे वयाच्या मुलाने तो केल्यास, प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविला जाऊ शकतो. ज्या मुलाचा वापर केल्याबद्दल विक्रेत्याची शिक्षा वाढवावयाची, तोच मुलगा पन्नास ग्रॅम घेऊन सापडला तर प्रौढांच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो. व्यसनाधीन व्यक्तीस उपचार स्वीकारल्यास खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-क आहे. ते सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांपुरतेच मर्यादित आहे.

१४ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालकांमधील व्यसनाधीनतेविषयीच्या एका याचिकेवर निर्णय देताना राष्ट्रीय सर्वेक्षण, कृतियोजना व शालेय अभ्यासक्रमात या विषयाचा समावेश यांविषयी केंद्र शासनास आदेश दिले. त्यानंतर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात असे आढळले, की प्रौढांपेक्षा मुलांमध्ये ज्याचे प्रमाण अधिक आहे असा एकच वर्ग आहे : हुंगावयाचे पदार्थ, म्हणजे चिकटद्रव्ये, पातळ रंगद्रावक, खोडद्रव इत्यादी. यांतील बहुतेक वस्तू शाळेजवळच्या लेखनसाहित्याच्या व किरकोळ मालाच्या दुकानांत मिळतात, आणि १९८५ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत त्या नाहीत.